आरोपीच्या शेजारून न्यायासनाकडे



आज जो विषय मी तुमच्यापुढे ठेवणार आहे, तो प्रथमदर्शनी तुम्हांस फार दूरचा वाटेल. अमेरिकेतील काही शहरांत गरीब आरोपींची बाजू मांडणारे वकील स्थानिक न्यायाधीशाच्या जागेसाठी निवडणुकीस उभे राहू लागले आहेत. त्यांतील काही निवडून आले, काही पडले. आपल्यापुढे मुलांचे शिक्षण आहे, लग्नकार्यातून जुन्या रूढी हद्दपार करावयाच्या आहेत, गावोगावी पाणवठ्याचे आणि स्मशानभूमीचे तंटे आहेत. असे असताना सातासमुद्रापलीकडच्या निवडणुकीशी आपणांस काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारील.

ह्या प्रश्नाचे उत्तर मी आरंभीच देतो. न्यायासनावर कोण बसतो आणि तो कोठून येऊन तेथे बसतो, हा प्रश्न आपल्याला कधीही दूरचा नव्हता. मनुस्मृतीने एकाच अपराधास जातीजातीप्रमाणे निरनिराळी शिक्षा सांगितली. त्या व्यवस्थेत न्याय सांगणारा नेहमी वरून आलेला असे आणि शिक्षा भोगणारा नेहमी खालचा असे. खालच्याचे जिणे ज्याने जवळून पाहिले आहे, असा मनुष्य न्याय सांगण्याच्या जागी कधी बसलाच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळण्यात आला, त्याच्यासमवेत ही न्यायपद्धतीही जळावी असा त्या कृतीचा अर्थ होता. ग्रंथ एका दिवसात जळतो. न्यायासनापर्यंतची वाट मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालावी लागते. दुसऱ्या एका दलित समाजाने ती वाट कशी चालली, हे पाहण्यासाठी मी तुम्हांस अमेरिकेस नेत आहे.

प्रथम ह्या वकिलाची ओळख करून घेऊ. आपल्याकडे ‘सरकारी वकील’ म्हटले की आरोपीविरुद्ध खटला चालविणारा वकील डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याच्यासमोर सरकारी खर्चानेच आणखी एक वकील उभा असतो. त्याला तेथे ‘पब्लिक डिफेंडर’ म्हणतात. आपण त्याला बचाववकील म्हणू. ज्याच्याजवळ वकिलाची फी देण्यास पैसा नाही, त्याचा बचाव करणे हेच त्याचे काम. शासनाने एका हाताने आरोप ठेवावा आणि दुसऱ्या हाताने त्याच आरोपीला ढाल द्यावी, ही कल्पना क्लारा फोल्ट्झ ह्या वकील महिलेने १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मांडली. त्या काळी स्त्रीने वकिली करणे हेच नवल होते. पुढे १९१४ साली लॉस एंजेलिस येथे अशा वकिलांचे पहिले सरकारी कार्यालय सुरू झाले.

परंतु देशभर हा हक्क मिळण्यास १९६३ साल उजाडले, आणि तो मिळवून दिला एका कैद्याने. क्लॅरेन्स गिडियन नावाचा एक निर्धन गोरा मनुष्य फ्लॉरिडा राज्यात चोरीच्या आरोपावरून पकडला गेला. त्याने न्यायालयाकडे वकील मागितला. देहान्ताच्या शिक्षेचा खटला असेल तरच वकील देता येतो, असे त्याला उत्तर मिळाले. त्याने आपला बचाव आपणच केला, तो दोषी ठरला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला. १८ मार्च १९६३ रोजी त्या न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीस वकील देणे राज्याला बंधनकारक आहे. खटला पुन्हा चालला. तोच आरोप, तेच न्यायालय आणि न्यायाधीशही तोच. ह्या वेळी आरोपीजवळ वकील होता, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. पहिल्या वेळी तो दोषी ठरला तो गुन्ह्यामुळे नव्हे, तर एकटा पडल्यामुळे, हे ह्याहून स्पष्ट कसे व्हावे?

हक्क कागदावर आला म्हणजे तो हातात आला, असे मात्र होत नाही. हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून आता एकाच शहराकडे पाहू. लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स हे ते शहर. ते मी निवडले, कारण तेथील फौजदारी न्यायालयाच्या इतिहासात आपल्याला आपलीच कथा वाचावयास मिळते.

७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा एक गृहस्थ न्यू ऑर्लीन्स येथे रेल्वेत गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात जाऊन बसला. तो मिश्रवंशाचा असल्यामुळे कायद्याने त्याला काळा ठरविले होते. तेथील काळ्या व मिश्रवंशीय नागरिकांच्या समितीने ही कृती ठरवून केली होती, जसा महाडला तळ्याचे पाणी पिण्याचा निर्धार ठरवून केला गेला. प्लेसीला अटक झाली. स्थानिक फौजदारी न्यायालयाचे न्यायाधीश जॉन फर्ग्युसन ह्यांनी त्याचा आक्षेप फेटाळला. प्रकरण वर गेले आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ ह्या सूत्रावर शिक्कामोर्तब केले. १९५४ साली शाळांविषयीच्या खटल्यात ते सूत्र मोडीत निघेपर्यंत अमेरिकेतील काळ्या माणसाने ह्या निर्णयाचे ओझे वाहिले. ज्या खटल्याने अर्धशतकाहून अधिक काळ एका समाजाला वेगळे बसविले, त्याचा आरंभ एका स्थानिक न्यायाधीशाच्या खोलीत झाला होता. तेव्हा खालचे न्यायालय क्षुल्लक असते, असे कोणी समजू नये.

त्यानंतर मताधिकाराचा घास घेण्यात आला. १८९८ साली लुइझियानाने नवी राज्यघटना केली. ज्याचा बाप किंवा आजा पूर्वी मतदार होता त्याला सूट, आणि इतरांना साक्षरतेची वा मालमत्तेची अट, अशी तीत योजना होती. गुलामाचा मुलगा आपला आजा मतदार होता असे कोठून दाखविणार? १८९६ साली त्या राज्यात सुमारे १,३०,००० काळे मतदार होते. १९०४ साली सुमारे १,३०० उरले. त्याच घटनेने आणखी एक गोष्ट केली. बारा पंचांच्या ज्यूरीत नऊ जणांचे मत पडले तरी माणसाला दोषी ठरविता येईल, असा नियम घातला. ज्यूरीत एखादा काळा पंच आलाच, तर त्याच्या मतावाचून काम चालावे, हा त्यातील हेतू होता. मताची पेटी आणि न्यायाचे आसन अशी दोन्ही दारे एकाच किल्लीने बंद केली जातात, हे येथे नीट ध्यानात घ्या.

ही दारे पुन्हा कशी उघडली? मतानेच उघडली. लुइझियानात न्यायाधीश लोकांच्या मताने निवडले जातात. न्यू ऑर्लीन्समध्ये काळ्या लोकांची बहुसंख्या होती. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीसाठी ते शहर शेजारच्या तीन गोऱ्या बहुसंख्येच्या भागांशी जोडून एकच मतदारसंघ केलेला होता. त्यामुळे काळ्या मतदारांच्या पसंतीचा न्यायाधीश निवडून येणे दुरापास्त होते. ह्या रचनेविरुद्ध ते न्यायालयात गेले. १९९१ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, मताधिकाराच्या संरक्षणाचा कायदा न्यायाधीशांच्या निवडणुकीसही लागू आहे. त्या लढ्याचे फळ म्हणून १९९४ साली बर्नेट जॉन्सन ह्या काळ्या महिला त्या न्यायालयावर निवडून आल्या, आणि २०१३ पासून २०२० पर्यंत त्या राज्याच्या सरन्यायाधीश होत्या. २०१८ साली लुइझियानाच्या मतदारांनी १८९८ पासून चालत आलेला अपुऱ्या मतांच्या ज्यूरीचा नियम रद्द केला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

इतके झाल्यावरही गरीब आरोपीची स्थिती काय होती? तेथे मनुष्य पकडला गेला की न्यायाधीश जामिनाची रक्कम ठरवितो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो रात्री घरी झोपतो. ज्याच्याजवळ नाही तो तुरुंगात राहतो. आठ दिवस कामावर गेला नाही की त्याचे काम जाते, महिन्याचे भाडे थकले की घर जाते. मग त्याला सांगतात, गुन्हा कबूल कर आणि आजच सुटून जा. अमेरिकेत दोषी ठरणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक लोक खटला न चालता अशा कबुलीनेच दोषी ठरतात. त्या कबुलीत खरी किती आणि घरी जाण्याच्या ओढीने दिलेली किती, हे त्यांच्या शेजारी उभ्या असणाऱ्या बचाववकिलालाच ठाऊक असते.

न्यू ऑर्लीन्समध्ये ह्या बचाववकिलांच्या कार्यालयाचा खर्च बव्हंशी रहदारीच्या दंडांतून आणि दोषी ठरलेल्यांकडून घेतल्या जाणाऱ्या आकारांतून भागविला जात असे. २००५ साली कतरिना वादळ आले, शहर बुडाले, दंड वसूल होईनासे झाले, आणि बहुतेक बचाववकिलांना घरी पाठविण्यात आले. हजारो माणसे वकिलाचे तोंडही न पाहता महिनोन्‌महिने तुरुंगात राहिली. २०१६ साली ह्याच कार्यालयाला, आमच्याजवळ माणसे नाहीत, काही गंभीर खटले आम्ही घेऊ शकत नाही, असे सांगण्याची पाळी आली. आणि २०१९ साली एका वरिष्ठ न्यायालयाने आणखी एक दोष उघड केला. जामिनाच्या हमीपत्रावर जो आकार घेतला जाई, त्याचा काही भाग त्याच न्यायालयाच्या खर्चाच्या निधीत पडत असे. जामीन ठरविणाऱ्याचे हितच जामिनाच्या रकमेत गुंतलेले असेल, तर तो निःपक्ष कसा राहील, असे म्हणून त्या न्यायालयाने ही पद्धत घटनाविरोधी ठरविली. ज्या बलुतेदारीत आणि वतनदारीत निवाडा करणाऱ्याचे पोट निवाड्याशी बांधलेले असे, ती आपल्या वाडवडिलांना चांगली परिचित होती.

अशा स्थितीत २०२० साली, आरोपींच्या बचावाचे काम केलेल्या काही वकिलांनी एकत्र येऊन न्यू ऑर्लीन्सच्या न्यायासनांसाठी निवडणूक लढविली. आपले पूर्वायुष्य त्यांनी लपविले नाही. आम्ही आरोपीच्या शेजारी उभे राहिलो आहोत, आणि म्हणूनच ह्या न्यायालयात काय चालते ते आम्ही पाहिले आहे, हीच त्यांची शिफारस होती. त्यांतील काही पडले. नॅन्डी कॅम्पबेल आणि एंजेल हॅरिस ह्या दोन काळ्या महिला वकील निवडून आल्या. ज्या फौजदारी न्यायालयात १८९२ साली प्लेसीचा आक्षेप फेटाळला गेला, त्याच न्यायालयाच्या आसनांवर त्या बसल्या. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने प्लेसीला मरणोत्तर माफी दिली. माफी देणे सोपे असते. आसन मिळविणे कठीण असते.

ही वाट सर्वत्र सुलभ झाली, असे समजू नका. सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१८ साली चार बचाववकील पदावर असलेल्या चार न्यायाधीशांविरुद्ध उभे राहिले आणि चौघेही पडले. ते खचले नाहीत. २०२० साली त्याच शहरात बचाववकील पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. लॉस एंजेलिसमध्ये २०२२ साली होली हॅन्कॉक ह्या बचाववकील न्यायाधीश झाल्या. त्याच वर्षी केतांजी ब्राऊन जॅक्सन ह्यांची राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक केली. त्या न्यायालयावर बसलेली पहिली काळी महिला त्याच. आणि पूर्वी सरकारी बचाववकील राहिलेली त्या न्यायालयातील पहिली व्यक्तीही त्याच.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार करू. तो आपल्यातूनही येईल आणि तो टाळून चालणार नाही. जो जन्मभर आरोपीची बाजू मांडत आला, तो न्यायाधीश झाल्यावर गुन्हेगाराला पाठीशी घालणार नाही काय? मग ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याचे कोण? ह्या निवडणुकांत विरोधकांनी हाच प्रश्न विचारला. आणि त्या शहरांतील गरीब वस्त्यांत आरोपी राहतात तसे पीडितही राहतात, म्हणून तो पोकळ प्रश्न नव्हता. आपल्या समाजाने तर खून, जाळपोळ, बहिष्कार भोगले आहेत. आपण न्यायालयात बहुधा पीडित म्हणून उभे राहतो.

ह्या आक्षेपाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला अमेरिकेस जाण्याची गरज नाही. ‘सिगालोवाद सुत्ता’त भगवान बुद्धांनी गृहस्थांना मनुष्य वाममार्गास जाण्याची चार कारणे सांगितली आहेत: छंद म्हणजे आसक्ती, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान, आणि भय. न्यायाधीश कोणत्याही देशाचा असो, तो बिघडतो तो ह्या चारांपैकी एकामुळेच. तेव्हा आपण ह्या चारी कसोट्या लावून पाहू.

प्रथम मोह. ज्याने कधी कोठडी आतून पाहिली नाही, ज्याला पाचशे रुपये नसणे म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो न्यायाधीश दुष्ट नसतानाही अन्याय करतो, कारण त्याला दिसतच नाही. जामिनाची रक्कम त्याला एक आकडा वाटते. आरोपीच्या घरी ती चूल असते. बचाववकिलाच्या अनुभवाने हे अज्ञान जाते. हीच त्याची खरी योग्यता होय. दुसरा दोस. रोज आरोपींनाच पाहून पाहून न्यायाधीशाच्या मनात त्यांच्याविषयी एक तिटकारा साचतो, आणि त्या तिटकाऱ्याला जातीचा वा वर्णाचा रंग चढण्यास वेळ लागत नाही. आरोपीला नावाने ओळखणारा मनुष्य त्यापासून पुष्कळसा वाचतो.

परंतु छंद? येथे बचाववकिलाने सावध राहिले पाहिजे. जुन्या अशिलांविषयीची माया न्यायासनावर घेऊन बसणे हाही पक्षपातच. ज्या दिवशी तो न्यायाधीशाचा झगा घालतो, त्या दिवशी तो कोणाचाही वकील राहत नाही. अनुभव त्याने बरोबर आणावा, बाजू मात्र दाराबाहेर ठेवावी. अमेरिकेतही न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने अमुक खटल्यात अमुक निर्णय देईन असे वचन देऊ नये, असा दंडक आहे, आणि तो योग्य आहे. धम्मपदातील धम्मट्ठवग्गाची शिकवणही हीच आहे की, घाईने निवाडा करणारा धर्मस्थ नव्हे. दोन्ही बाजू तोलून, समतेने निवाडा करणारा तो धर्मस्थ.

अत्याचारपीडिताला माझे सांगणे असे आहे: आरोपीला चांगला वकील मिळाल्याने पीडिताचे नुकसान होत नाही. ज्या खटल्यात आरोपीचे म्हणणे नीट ऐकले गेले, त्या खटल्याचा निकाल वरच्या न्यायालयात टिकतो. जेथे निरपराध मनुष्य आत गेला, तेथे खरा अपराधी मोकळा फिरत राहतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आपल्याविरुद्ध उभा असलेला आरोपीही वकिलाचा हक्कदार आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आपण ज्या संविधानाचे वारस आहोत, त्याचे हक्क आवडत्या माणसापुरते नाहीत.

आता चौथे, भय. येथे निवडणुकीचा दोष उघडा पडतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हजारो शिक्षांचा अभ्यास करून दोन संशोधकांनी २००४ साली दाखविले की, न्यायाधीशाची निवडणूक जसजशी जवळ येते, तसतशी त्याने दिलेली शिक्षा कडक होत जाते. म्हणजे एखाद्याने किती वर्षे तुरुंगात काढावीत, हे त्याच्या अपराधाबरोबर पंचांगावरही ठरते! पैशाचा मोह निराळाच. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला न्यायाधीश करण्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्चिले, आणि मग त्याच कंपनीचे प्रकरण त्याच न्यायाधीशापुढे आले. त्या न्यायाधीशाने बाजूस व्हावयास हवे होते, असे २००९ साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. बहुमताच्या मर्जीवर न्यायाधीश उभा असेल, तर अल्पसंख्याकाने कोणाकडे पाहावे?

म्हणूनच आपल्या संविधानाने न्यायाधीशांची निवडणूक स्वीकारली नाही. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक उच्च न्यायालयाच्या विचाराने राज्यपाल करतात. त्याखालच्या न्यायाधीशांची निवड महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने होते. वरिष्ठ न्यायाधीशांच्या नेमणुकीवर २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी नेमणुकीची सत्ता एकट्या सरकारच्या हाती नको, ती विधिमंडळाच्या मंजुरीवर नको आणि ती एकट्या सरन्यायाधीशाच्या संमतीवरही नको, असा मध्यम मार्ग मांडला. ज्या देशात गावाचे बहुमत जातीचे बहुमत असते, त्या देशात तालुक्याचा न्यायाधीश मतांनी निवडला गेला असता, तर आपल्या वाट्यास काय आले असते, ह्याची कल्पना तुम्हीच करा.

तेव्हा अमेरिकेची निवडणूक आपल्याला नको. पण त्या निवडणुकीने जे साधले, म्हणजे आरोपीच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला न्यायासनापर्यंत पोहोचविले, ते आपल्याला आपल्या मार्गाने साधावयाचे आहे. आपल्याजवळ त्यासाठी काय आहे?

पहिली गोष्ट, आपल्याजवळ आदर्श आहे. बाबासाहेब स्वतः बचाववकील होते. ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरून १९२६ साली पुण्यास झालेल्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या कार्यकर्त्यांची बाजू त्यांनी मांडली. ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक र. धों. कर्वे ह्यांच्यासाठी १९३४ साली ते उभे राहिले. आणि चवदार तळ्याच्या दाव्यात तर ते स्वतःच प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला. हजारो लोक जमलेले असतानाही त्या वेळी तळ्यावर जाणे थांबविण्यात आले, आणि लढा न्यायालयात नेण्यात आला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल आपल्या बाजूने दिला. घोटभर पाण्याच्या हक्कासाठी जवळजवळ दहा वर्षे! न्यायालयावर विश्वास ठेवणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. ते दहा वर्षे उभे राहणे होय.

दुसरी गोष्ट, आपल्याजवळ कायदा आहे. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने पकडलेल्या माणसास अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क दिला आहे. १९७६ साली ३९-अ हा अनुच्छेद घालून मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविण्यात आले. १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीस वकील मिळणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील माणसे ह्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही त्या यादीत स्थान मिळाले आहे. धम्म स्वीकारला म्हणून हा हक्क गेला, असे कोणी सांगत असेल तर तो अज्ञानी तरी आहे किंवा लबाड तरी आहे. वकील मागावयाचा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावरही विचारता येते. हा क्रमांक प्रत्येक विहारात भिंतीवर लिहून ठेवा. २०२२ अखेरीस भारतातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी तीन बंदी असे होते की, ज्यांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नव्हता. त्यांत आपलीही मुले आहेत.

तिसरी गोष्ट, आपल्याकडेही आता अमेरिकेसारखी पूर्णवेळ बचाववकिलांची योजना उभी राहिली आहे. २०२२ सालापासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत विधी साहाय्य बचाववकिलांची कार्यालये सुरू केली. नवोदित वकिलांनाही त्यांत साहाय्यक म्हणून जागा असतात. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ह्या अटीने गरीब घरच्या मुलामुलींची अडचण वाढली, हे मी जाणतो. घरी पैसा नसता तीन वर्षे वकिली करणे सोपे नाही. पण अट आहेच, तर तिचा उपयोग करून घ्या. आपल्या मुलामुलींनी ती तीन वर्षे आरोपीच्या शेजारी उभे राहून काढावीत. ज्या कुटुंबात असा विद्यार्थी असेल, त्याच्या पुस्तकांचा आणि खोलीच्या भाड्याचा भार वस्तीने उचलावा. जयंतीच्या मिरवणुकीतील एका वर्षाचा वाजंत्रीचा खर्च एका मुलीला वकील करण्याच्या कामी लावला, तर जयंती अधिक शोभेल.

अमरावतीचे सुपुत्र, बौद्ध न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. आपल्या सर्वांची मान त्याने उंचावली. परंतु सर्वोच्च आसनावर आपला एक मनुष्य बसला म्हणून तालुक्याचे न्यायालय आपोआप बदलत नाही. आपल्या घरातील मनुष्य पकडला जातो तेव्हा तो दिल्लीस नेला जात नाही. तो तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा केला जातो. तेथे त्याच्या बाजूस कोण उभा आहे आणि त्याच्यासमोर कोण बसला आहे, ह्यावर त्याचे आयुष्य ठरते.

म्हणून माझी तुम्हांस एवढीच विनंती आहे. विहारात दर पंधरा दिवसांनी एक तास कायद्याच्या वाचनास द्या. गावात कोणाला अटक झाली, मग तो कोणत्याही जातीचा असो, तर त्याला वकील मिळाला की नाही ह्याची चौकशी करा. आणि ज्या मुलीचे अक्षर चांगले आहे, जी अन्याय पाहून गप्प बसत नाही, तिला आजच सांगा की तुझी जागा प्रथम आरोपीच्या शेजारी आहे आणि नंतर न्यायासनावर आहे. तेथे बसल्यावर तिने आपल्या माणसांना झुकते माप द्यावे, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तिने कोणासही झुकते माप देऊ नये, कोणाचे भय धरू नये आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला माणूस म्हणून ओळखावे, इतके झाले तरी ह्या देशाच्या न्यायाचा इतिहास बदलेल.

जय भीम!